ताईची दोन मिनिटं

काल संध्याकाळी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ओढत होते, तेवढ्यात शेजारच्या मॉरीनने कुंपणावरून हाक मारली. "ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज!" मार्च लागला की आयर्लंडमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला हे वाक्य एकदा तरी ऐकवतोच. संध्याकाळी लांबायला लागल्या, एवढाच त्याचा अर्थ. हिवाळाभर चार वाजता दिवे लावून बसलेल्या माणसांना सहाला आभाळात उजेड दिसला की कोणाला तरी सांगावंसं वाटतं. एरवी मी मान डोलावून "ग्रँड, ग्रँड" म्हणते आणि आत येते. काल मात्र डबा तिथेच सोडला आणि मॉरीनकडे बघून खो खो हसत सुटले. तीही हसायला लागली. दोघींना एकच गोष्ट आठवली होती, गेल्या मार्चमधली आमच्या घरातली ती लांबलेली संध्याकाळ.

माझा स्वभाव आधीच उतावळा. कुकरची शिट्टी होईपर्यंतही मी एका जागी बसत नाही. त्यात गेल्या वर्षीचा मार्च असा काही आला की आमचं नास गावातलं घर महिनाभर लग्नघर झालं होतं. मुहूर्त, तालमी, पाहुणे, रुसवेफुगवे, सगळं होतं. फक्त लग्न नव्हतं. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत एक विधेयक यायचं होतं आणि त्यावर माझी थोरली बहीण बोलणार होती.

शुभाताई तिकडे एका लहानशा गावात दुसरीच्या वर्गाला शिकवते. गावात एकच शाळा, एकच मोठा रस्ता आणि आमची ताई ही एकटीच मराठी बाई. विधेयक असं होतं की शाळेतल्या ज्या शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची तयारी असेल, त्यांना सरकारने प्रशिक्षण द्यायचं आणि शाळेत बंदूक जवळ बाळगायची परवानगी द्यायची. ज्यांनी घेतली त्यांची नावं गुप्त राहतील. सक्ती नाही. तुमची इच्छा असेल तरच.

आता या सगळ्यात आमच्या ताईचा काय संबंध? तर बायोडेटा! आपण मराठी माणसं नोकरीच्या अर्जात काय काय लिहितो ते आठवून पाहा. चौथीची स्कॉलरशिप, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत द्वितीय क्रमांक, हार्मोनियमच्या दोन परीक्षा. ताईने तिकडच्या शाळेत अर्ज करताना सवयीने सगळं ओतलं होतं, आणि त्यात एक ओळ होती, 'रायफल नेमबाजी, रौप्यपदक'. आमचे बाबा साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेची कॅडेट तुकडीही तेच सांभाळायचे. ताई त्यांची पहिली शिष्या. श्वास रोखून, एक डोळा मिटून ती जमिनीवर पालथी पडली की पुठ्ठ्याच्या मधोमध भोक पडलंच समजा. मी शेजारी कानात बोटं घालून उभी असायचे आणि तिच्याआधी मीच ओरडायचे.

तर विधेयकाची चर्चा सुरू झाल्यावर मुख्याध्यापिकेला ती ओळ आठवली. तिने ताईला केबिनमध्ये बोलावलं, कॉफी दिली आणि हळूच विचारलं, "हे मंजूर झालं तर तुझा विचार आहे का? तू शांत आहेस, तुला येतंही. मुलांसाठी म्हणून विचारते." बाई सरळ होती, काळजीने विचारत होती. म्हणूनच ताईला नाही म्हणता येईना, आणि हो तर त्याहून म्हणता येईना. रात्री तिचा फोन आला. "मधू, हे असं झालं तर मी शिकवणंच सोडीन बहुतेक. पुस्तकांच्या दुकानात लागेन."

मला धडकीच भरली. ताईने दुकानात पुस्तकं लावायची? लहानपणी मला, मांजराला आणि उशांना ओळीत बसवून हजेरी घेणारी बाई ती. आम्ही "हजर" म्हटलं नाही तर रडायची. वर्गाशिवाय ताई ही कल्पनाच मला करता येईना.

बाबा तेव्हा आमच्याकडेच होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले. त्यांना ही बातमी सांगितली तर गडी खूशच झाला! "आगं, मग चांगलंच हाय की. तिला येतंय. माझ्याबी शाळेत रायफली होत्याच की." मी चिडले. ते त्याहून चिडले. दसऱ्याला आमच्या घरी पाटावर सरस्वती काढलेली पाटी असायची आणि तिच्याच शेजारी शस्त्र म्हणून बाबांचा गणवेशाचा पट्टा आणि ताईचं पदक. त्या पाटाचा दाखला देऊन ते म्हणाले, "पाटी आणि शस्त्र आपल्यात एकाच पाटावर असतात." व्हिडिओ कॉलवर ताई ऐकत होती. ती म्हणाली, "पाटावर असतात बाबा. पूजा झाली की पाटी मुलाच्या हातात जायची. रायफल मात्र तुम्ही कुलपात ठेवायचात, आणि तिचा बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात. मला तर किल्लीला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत." बाबा चष्मा पुसत बसले.

त्या दिवसांत मी त्यांना रोज फिरायला न्यायचे. नासपासून गाडीने थोडं पुढे गेलं की एक अफाट माळरान लागतं. एका अंगाला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, दुसऱ्या अंगाला लष्कराची छावणी आणि मधे मेंढ्याच मेंढ्या. सरावाला गोळीबार चालू असला की तिकडे लाल निशाणं लावतात. बाबांना ती निशाणं दिसली की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी व्हायचं. वाऱ्यात टोपी सावरत थांबायचे आणि लांबून ठो ऐकू आला की लगेच, "ही रायफल. आता ही मशीनगन, ऐक, ऐक!" पिवळ्या काटेरी झुडपांना फुलं आलेली, त्यांचा खोबऱ्यासारखा गोडसर वास वाऱ्यावर यायचा, आणि मेंढ्या इतक्या निवांत चरत असायच्या की आम्हीच अडाणी वाटायचो. मला बाबांचा राग येत होता, आणि त्यांचा उत्साह बघून हसूही येत होतं.

एकदा परत येताना गावातल्या कालव्यापाशी दोन पोलीस उभे होते. इथे त्यांना गार्डा म्हणतात. बाबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला कोपराने ढोसलं. "यांच्या कमरेला काहीच नाही?" मी म्हटलं, "नसतं. इथे साध्या गस्तीवरच्या पोलिसाकडे पिस्तूल नसतं." त्यांना पटेना. मग सरळ गेले त्यातल्या उंच पोराकडे, आणि आपल्या हायस्कूलच्या इंग्रजीत विचारलं, "सर, व्हेअर इज युअर वेपन?" माझं धाबं दणाणलं. पोरगा मात्र हसला आणि त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "तोंड हेच. बोलून बोलून थकवतो आम्ही लोकांना." मग त्याने बाबांना ते कुठून आले, पाऊस कसा वाटतोय, चहा आवडतो का, असं इतकं विचारलं की शेवटी बाबांनीच काढता पाय घेतला. घरी येईस्तोवर म्हणत होते, "लय बोलतो गडी. पण बोलतो चांगलं."

आणि मग सुनावणीची तारीख लागली. तिकडे अशी पद्धत आहे की विधेयकावर समितीपुढे कोणीही रहिवासी जाऊन बोलू शकतो. आधी नाव नोंदवायचं, बाजूने की विरोधात ते सांगायचं, आणि मग दोन मिनिटं. घंटा वाजली की संपलं. ताईने विरोधात नाव नोंदवलं. आम्हाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज थरथरत होता आणि मी स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारत होते. इंटरनेटवर थेट दाखवणार होते! आमची ताई, विधानसभेत!

बाबांना विधेयक हवं होतं. पण मुलगी व्यासपीठावर बोलणार म्हटल्यावर त्यांच्यातला वक्तृत्व स्पर्धेचा मार्गदर्शक खडबडून जागा झाला. विरोधात तर विरोधात, पण बोलायचं म्हणजे नीट बोलायचं. रोज संध्याकाळी तालीम. आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर ताईचा चेहरा आणि समोर बाबा हातात डाव घेऊन उभे. "आवाज बेंबीपासून! हात कुठायत? मुद्दा आला की उजवा हात वर. सुरुवात झोकात झाली पाहिजे. आधी व्यासपीठाला वंदन, मग अध्यक्ष, मग सदस्य, मग श्रोते." माझी आठ वर्षांची सई सोफ्यावर लोळत हे सगळं बघायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेलाच्या इंग्रजीत. "आजोबा, शी हॅज ओन्ली टू मिनिट्स, लाइक." आजोबा डाव हलवून म्हणायचे, "तू गप गं. पाया पक्का लागतो."

मीही काही कमी नव्हते. मी इकडून आकडेवारी पाठवत होते, वाक्यं सुचवत होते, साडी नेस म्हणत होते, नको सूट घाल म्हणत होते. नितीन, माझा नवरा, म्हणाला, "तिला जरा तिचं तिचं बोलू द्या की." आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा करायला निघून गेला.

सुनावणीचा दिवस उजाडला. मी रजा टाकलेली. तिकडे सकाळी नऊला सुरू, म्हणजे इकडे दुपारी तीनला, हे मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. मॉरीनला सुद्धा. ती निवृत्त शिक्षिका. ताईचं ऐकल्यापासून तिने "जीझस, मेरी अँड जोसेफ" चा जप लावला होता. पावणेतीनला ती सोडा ब्रेड आणि लोणी घेऊन हजर झाली. मी कांदेपोहे केले. सई शाळेतून आली, दप्तर फेकलं, सोफ्यावर जागा पकडली. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले. तीनला टीव्ही लावला तर काय, आत एक बाई बोलून उठत होत्या आणि अध्यक्ष पुढचं नाव पुकारत होते!

कधीचं सुरू झालं होतं! माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे करतात, तीही आमच्याआधी. ते दोन-तीन आठवडे दोन देशांमधलं अंतर एका तासाने कमी होतं. आणि मी कामाला कुठे? जगभरातल्या मीटिंगांच्या वेळा जुळवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत! नितीन हसून हसून जमिनीवर बसला. मला रडू फुटायच्या बेताला आलं. ताई बोलून गेली असेल का? फोन लागेना, आत बंद करून ठेवायला लावतात. ग्रुपवर मेसेज टाकला, त्यालाही उत्तर नाही. बाबा पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, "ती बघ! तिसऱ्या रांगेत, निळ्या कोटात!" आमची ताई मांडीवर कागद घेऊन बसली होती. तिचा नंबर यायचा होता. मॉरीनने बाबांना मिठीच मारायची बाकी ठेवली.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. अशी वाट मी फक्त क्रिकेटच्या शेवटच्या षटकात पाहिली आहे. एकेक जण येत होता. एक शेतकरी आला, तो बाजूने बोलला. त्याच्या गावापासून पोलीस चौकी इतकी लांब की मदत येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल, असं म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. बाबांनी मान हलवली. मलाही त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही. त्याच्या पोरी त्याच गावातल्या शाळेत होत्या. मग एक कॉलेजची मुलगी विरोधात बोलली, रडत रडत. मग परत कोणी बाजूने. पोह्यांवर पोहे झाले. चहा तीनदा झाला. सई ओरडली, "आजोबा, लुक, युअर मॅन झोपलाय!" युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'. खरंच एक आमदार डुलक्या घेत होते. खिडकीबाहेर आभाळ अजून उजळ होतं. मॉरीन सवयीने म्हणाली, "ग्रँड स्ट्रेच..." आणि आम्ही तिला गप्प केलं, कारण ताईचं नाव पुकारलं होतं.

ताई माइकपाशी आली. मी नितीनचा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्याने वळ दाखवला. समोरचा दिवा हिरवा झाला. ताईने श्वास घेतला, बाबा खुर्चीत पुढे सरकले, आणि ती सुरू झाली. माननीय अध्यक्ष, आदरणीय उपाध्यक्ष, समितीचे सर्व सन्माननीय सदस्य, इथे जमलेले माझे सहकारी शिक्षक, पालक, बंधू आणि भगिनी. ज्यांनी मला हे दोन शब्द बोलण्याची संधी दिली त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. उजवा हात वर. आवाज बेंबीपासून. बाबा पुटपुटत तिच्याबरोबर म्हणत होते. मॉरीन कुजबुजली, "शुअर, ती अजून हॅलोच म्हणतेय!"

मग आपली ओळख. जन्म कुठला, शाळा कुठली, वडील कोण. वडिलांनी कशी नेमबाजी शिकवली. तिचा नेम चांगला आहे, त्यामुळे ती बंदुकीला घाबरून बोलत नाही. हे तिने सांगितलं तेव्हा डुलक्या घेणारे आमदार जागे झाले, बाबांची छाती फुगली, आणि दिवा पिवळा झाला. ताईने कागद उलटला. "आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते," ती म्हणाली. आणि घंटा वाजली.

लाल दिवा. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "आभारी आहोत, मॅडम."

बाबांच्या तोंडावरचा रंग उडाला. इतक्या दिवसांची तालीम, आणि मुद्दा आलाच नाही! जगात फक्त आमच्याच घरात असा घोटाळा होऊ शकतो. ताई कागदांची घडी घालत खुर्चीपाशी परत गेली, आणि मला वाटलं, आता ही जाणार पुस्तकांच्या दुकानात.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या आमदारांनी हात वर केला. पांढऱ्या मिशा, विधेयकाच्या बाजूचे. समितीतल्या कोणालाही साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो, आणि उत्तराला घंटा नसते, हे आम्हाला कुठे माहीत होतं! ते म्हणाले, "मॅडम, तुमचा नेम चांगला आहे म्हणालात. मग मला एकच सांगा. कोणी वाईट हेतूने तुमच्या वर्गाचं दार उघडून आत आला, तर त्या क्षणी हातात काहीतरी असावं असं तुम्हाला नाही वाटणार?"

ताई परत माइकपाशी आली. कागद तिने खुर्चीवरच ठेवले होते. हात वर नाही, बेंबी नाही. आम्ही लहानपणी गच्चीवर गोधड्यांत पडून बोलायचो तो तिचा आवाज. बोलली इंग्रजीत, पण मला ते मराठीतच ऐकू आलं.

"वाटेल," ती म्हणाली. "नक्की वाटेल. त्या क्षणी मला जे मिळेल ते हवं असेल. पण तो क्षण, देव करो, कधीच येणार नाही. आणि बंदूक मात्र रोज येईल. माझी मुलं सात वर्षांची आहेत. त्यांची डोकी इथपर्यंत येतात." तिने तळहात कमरेपाशी धरला. "सकाळी आत आली की ती मला मिठी मारतात. इथे, कमरेला. विचारून मारत नाहीत. मी फळ्यावर लिहीत असले तर मागून येऊन मारतात. सर, तुम्ही मला सांगा, ती मी कुठे ठेवू? आणि मुलांना काय सांगू, कुठल्या बाजूने मिठी मारा म्हणून?"

म्हाताऱ्या आमदारांनी चष्मा काढला. म्हणाले, "थँक यू, मॅडम." आणि पुढ्यातला कागद पालथा ठेवला.

मग आमच्या खोलीत जो गलका झाला! मी किंचाळले. मॉरीन रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. नितीनने शिट्टी मारली. सई सोफ्यावर नाचत होती, "मावशी! गो ऑन, मावशी!" आणि नाचता नाचता खाली उतरून तिने मला मिठी मारली. तिचं डोकं कुठे टेकलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी तिच्या केसांवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

बाबा मात्र खुर्चीतच होते. मला वाटलं, हरल्यासारखं वाटतंय त्यांना. जवळ गेले तर म्हणाले, "पोरं माझ्या पट्ट्याला भ्यायची. लांबून पट्टा दिसला की गप. मला वाटायचं, मान देत्यात." आणि मग, "येवढी वर्षं शिकवलं गं, पण एकानं मिठी नाही मारली मला."

मॉरीनला मराठी कळत नाही, पण तिने उठून त्यांच्या बशीत सोडा ब्रेडचा मोठा तुकडा ठेवला आणि वर लोण्याचा डोंगर केला. ते खायला लागले.

ताईचा फोन आला तो गाडीतूनच. "मी वाट लावली ना? सुरुवातीलाच वेळ गेला!" बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "चूक माझी. पाया लय खोल खणला. शेवटचं कोणी शिकवलं तुला?" ती म्हणाली, "कोणी नाही, बाबा." ते म्हणाले, "तेच बरं झालं बघ."

विधेयक समितीत मंजूर झालं. पुढे कायदाही झाला. आम्ही हरलो, असं सरळच म्हणायचं. पण खरं सांगते, तो मार्च आठवला की मला हरल्याची आठवण येत नाही. पिवळी झुडपं आठवतात, डाव हातात घेतलेले बाबा आठवतात, आणि ताईचा तो कागद नसलेला आवाज आठवून आजही अंगावर काटा येतो. चिडचिड, आनंद, भीती, सगळं एकाच पातेल्यात उकळत होतं आणि मी मजेत ढवळत होते. माणूस इतका जिवंत वर्षातून किती वेळा असतो?

ताईने मुख्याध्यापिकेला नाही म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. आणि ताईने नोकरीही सोडली नाही. "मी गेले तर माझ्या जागी येणाऱ्याला विचारतील," एवढंच म्हणाली. बाबा साताऱ्याला परत गेले. गेल्या दसऱ्याला त्यांनी पाटावर नुसती पाटी मांडली आणि पट्टा कपाटातच राहू दिला, असं फोनवर सहज बोलून गेले.

गेल्या रविवारी ताईशी बोलताना मी विचारलं, "तुमच्या शाळेत घेतली का गं कोणी?"

"नावं सांगत नाहीत," ती म्हणाली. "आणि आम्हीही विचारत नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही?"

ती मग म्हणाली, "शेजारच्या वर्गातली बाई माहितीये ना, माझ्या वाढदिवसाला केक आणते ती? फार जीव आहे तिचा पोरांवर. तिने गेल्या महिन्यापासून मिठी मारू देणं बंद केलंय. मुलं धावत आली की ती दोन पावलं मागे सरते आणि हात पुढे करते. टाळी दे म्हणते. हसून म्हणते, गोड बोलते. पण जवळ येऊ देत नाही."

मी विचारलं, "मुलांना कळलं?"

"काय कळणार त्यांना? बाई रागावल्या असं वाटतं. वाईट नाही गं ती. त्यांच्यासाठीच केलं असणार तिने. तिचंही तोंड बघवत नाही." मागे तिच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता. "आता तिच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत माझ्या दाराशी येऊन उभी राहतात. काही बोलत नाहीत. एक झालं की दुसरं पुढे येतं."

"आणि तू?"

"मी काय, वाकते. रोज डबा तसाच परत येतो बघ माझा."